पोच्या कथा आणि पार्सन्सचं मिक्सिंग: ‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ची डबल सीडी

रॉक आणि भयकथा म्हटलं की बहुतेकांना कवट्या, कबरी आणि कव्हरवरचे अक्राळविक्राळ प्राणी आठवतात. मला ते सगळं मनापासून आवडतं, त्यावरच मी लहानाची मोठी झाले. पण ज्या कथांमधून हे आलं, त्या रात्री एकटीने वाचताना पोटात जो गोळा येतो, तो आणणारे रॉक अल्बम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांतला एक मेटलचा नाही, त्यात एकही राक्षस नाही, आणि तो गाण्यांच्या चालींमध्ये जितका घडलाय तितकाच मिक्सिंगच्या टेबलावर, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र बसवताना, घडलाय.

ॲलन पार्सन्स प्रोजेक्टचा हा पहिला अल्बम, १९७६ सालचा, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या कथा-कवितांवर बेतलेला. मी लिहितेय ते २००७ साली आलेल्या दोन सीड्यांच्या डिलक्स एडिशनबद्दल. त्यात १९७६चं मूळ मिक्स आणि १९८७चं नवं मिक्स अशी दोन्ही मिळतात. अल्बम घ्यायचा तर याच रूपात घ्या आणि ऐकायला सुरुवात मूळ मिक्सपासून करा. का, ते सांगते. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

पो १८४९ साली वारला, त्याच्या वाटेने पुढे गेलेला अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ साली. रॉकमध्ये या मंडळींचा शिरकाव झाला तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. शिकागोच्या एका बँडने १९६७ साली ‘एच. पी. लव्हक्राफ्ट’ हेच नाव घेतलं. १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव बोरिस कार्लॉफच्या भयपटावरून घेतलेलं, आणि त्यातल्या ‘बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप’ या गाण्याच्या नावात लव्हक्राफ्टच्या कथेचं नाव जवळपास जसंच्या तसं. मायकेल मूरकॉकसारखा लेखक तर हॉकविंडबरोबर प्रत्यक्ष स्टेजवर उभा राहिला, ब्लू ऑयस्टर कल्टसाठीही त्याने गाणी लिहिली. आयर्न मेडनच्या १९८५च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’चं कव्हर नीट पाहा, एडीच्या, म्हणजे बँडच्या कव्हरांवरच्या त्या राक्षसाच्या, थडग्यावर लव्हक्राफ्टच्या ओळी कोरलेल्या आहेत. डेथ मेटलमध्ये पुढे लव्हक्राफ्टच्या कथांमधल्या भयानक देवतांची नावं लोकांनी स्वतःचीच टोपणनावं म्हणून घेतली.

नाव घेणं सोपं असतं. चित्र काढणंही त्यामानाने सोपं. पण अशा विचित्रकथेची भीती तेवढ्यात हाती लागत नाही, कारण ती सांगणाऱ्याच्या आवाजात असते आणि त्याने जे सांगायचं टाळलं त्यात असते. लव्हक्राफ्टची ‘द म्युझिक ऑफ एरिक झान’ ही कथा घ्या. म्हातारा वादक वरच्या मजल्यावर रात्र रात्र व्हायोल हे जुनं तंतुवाद्य वाजवतो, खिडकीबाहेरचं काहीतरी दूर ठेवण्यासाठी. काय आहे बाहेर? शेवटी निवेदक डोकावतो तेव्हा त्याला फक्त अथांग काळोख दिसतो. संगीत कसं होतं तेही धड सांगितलेलं नाही. त्या न सांगितलेल्या जागेत वाचक अडकतो आणि तिथेच गारठतो.

म्हणूनच मेटॅलिकाची ‘द कॉल ऑफ क्थुलू’ ही जवळपास नऊ मिनिटांची रचना माझ्या मते लव्हक्राफ्टच्या सर्वांत जवळ जाते. १९८४च्या ‘राइड द लाइटनिंग’मधली ही शेवटची रचना. तिच्यात एक शब्द नाही. लव्हक्राफ्टचं वेड त्या बँडमध्ये आणणाऱ्या क्लिफ बर्टनचा बेस तिच्यात खालून सरपटत वर येतो आणि काय येतंय ते शेवटपर्यंत कळत नाही. दोनच वर्षांनी ‘मास्टर ऑफ पपेट्स’वर ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ आलं. गिटारी एका स्वराने खाली उतरवलेल्या, रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, असा की जमीन हलावी. पण गायक त्या प्राण्याचं वर्णन करू लागला की माझी भीती ओसरते. गाणं आवडतं, ऐकतेही वारंवार, पण भीतीसाठी नाही.

पार्सन्सचा अल्बम मी याच कानाने ऐकते, आणि तो या परीक्षेत बहुतांशी उतरतो.

पार्सन्स हा ॲबी रोड स्टुडिओतला इंजिनिअर. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चं ध्वनिमुद्रण त्याचं. एरिक वुल्फसन हा गीतकार, पियानोवादक आणि पार्सन्सचा व्यवस्थापक. पोच्या कथांवर अल्बम करायची कल्पना वुल्फसनची. दोघांनी कायमचा बँड उभा केलाच नाही. वादनासाठी पायलट या बँडमधली माणसं घेतली, ‘द रेव्हन’साठी ॲम्ब्रोझिया बँडला बोलावलं, ऑर्केस्ट्राची बाजू अँड्र्यू पॉवेलने सांभाळली आणि गायक मात्र गाण्यागणिक बदलत ठेवले. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. पोच्या कथा म्हणजे जबान्या आहेत. प्रत्येकीत एक माणूस आपल्याला समोर बसवतो आणि स्वतःची बाजू सांगायला लागतो. एकाच गायकाने सगळ्या गायल्या असत्या तर तो गायक ऐकू आला असता. इथे दर वेळी नवा माणूस येऊन बसतो.

सुरुवात ‘अ ड्रीम विदिन अ ड्रीम’ या वाद्यरचनेने. हळू, जवळजवळ सौम्य. मी स्वतः बेस वाजवते, त्यामुळे माझं लक्ष तिच्या शेवटाकडे जातं. सगळं विरत जातं आणि बेसचा एक ठोका शिल्लक राहतो. तो थांबत नाही, तसाच ‘द रेव्हन’मध्ये शिरतो. दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. स्वप्न संपलं की पुढचं सुरू झालं हे कळू न देणारा हा सांधा मी रॉकमध्ये ऐकलेल्या उत्तम सांध्यांपैकी एक मानते.

‘द रेव्हन’मध्ये पहिला आवाज येतो तो माणसाचा वाटत नाही. पार्सन्सने स्वतः गायलेल्या ओळी ईएमआयच्या व्होकोडरमधून काढल्या आहेत. व्होकोडर म्हणजे बोलण्याचा आकार घेऊन तो वाद्याच्या आवाजावर बसवणारं यंत्र, आणि त्या काळी रॉकमध्ये ते फारसं कुणी वापरलेलं नव्हतं. सोपा मार्ग असा होता की यंत्राचा आवाज कवितेतल्या कावळ्याला द्यायचा. इथे तो शोकात बुडालेल्या निवेदकाला दिलाय. मध्यरात्री दारावर टकटक ऐकणारा माणूस रडून रडून कोरडा पडलेला आहे आणि त्याचा आवाजही तसाच, ओल नसलेला. पुढे लेनर्ड व्हायटिंगचा उघडा मानवी आवाज येतो. हा १९६८च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ चित्रपटातला रोमिओ. कोरस वर चढतो, गिटारी फुटतात आणि तो एकच नकार पुन्हापुन्हा अंगावर येतो. कवितेतली खरी भीती हीच आहे: पक्ष्याला एकच शब्द येतो हे माणसाला ठाऊक आहे, तरी तो मुद्दाम असेच प्रश्न विचारत जातो ज्यांचं उत्तर ‘पुन्हा कधीच नाही’ आलं की तो मोडून पडेल. गाणं त्या आत्मछळाच्या चढणीवर नेमकं चढतं.

‘द टेल-टेल हार्ट’साठी आर्थर ब्राउनला बोलावणं हा शंभर टक्के बरोबर निर्णय. १९६८ साली ‘फायर’ गाताना डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालणारा तोच ब्राउन. कथेतला खुनी पहिल्या ओळीपासून आपण वेडे नाही हे पटवत असतो, आणि ब्राउनची किंकाळी त्या दाव्याच्या चिंधड्या उडवते. पण मला त्याहून अंगावर येतो तो मधला तुकडा. धावणारं गाणं अचानक मऊ पडतं, आवाज गोड होतात, तंतुवाद्यं तरंगायला लागतात, आणि त्या गोडव्यात तो माणूस सांगतो की माग कसा काही उरलेला नाही. आपल्या सफाईवर तो खूश आहे. पोने हे कथेत वाक्यांच्या लयीतून साधलं होतं, इथे ते मांडणीतून साधलंय. मूळ मिक्समध्ये हा तुकडा अगदी कानाजवळ येतो.

‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ हे अल्बममधलं सर्वांत कमी बोललं जाणारं गाणं असावं, आणि माझं सर्वांत आवडतं. कथेत माँट्रेसॉर आपल्या शत्रूला तळघरात नेऊन जिवंत भिंतीआड चिणतो आणि हे सगळं अर्ध्या शतकानंतर सांगतो. म्हणजे पन्नास वर्षं मुरलेला शांतपणा. जॉन माइल्स ते गाणं आवाज न चढवता, जवळपास प्रेमाने गातो. शेवटी ऑर्केस्ट्रा थर चढवत जातो, वाद्यांचे एकावर एक थर, आणि त्या भव्यतेत विजयाचा सूर आहे. विजय कुणाचा ते आठवलं की काटा येतो. रक्त नाही, किंकाळी नाही.

‘डॉक्टर टार अँड प्रोफेसर फेदर’ हे अमेरिकेत सिंगल म्हणून चाललं, बिलबोर्ड हॉट १००मध्ये ३७व्या क्रमांकापर्यंत गेलं. दणकेबाज रॉक आहे, मूळ कथाही मिश्कील अंगाची आहे, त्यामुळे तक्रार नाही. भीतीच्या हिशेबात मात्र इथे अल्बम थोडी विश्रांती घेतो.

मग येतं ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’. पाच भाग, पंधरा मिनिटांच्या वर, आणि गायन अजिबात नाही. इथे मला थांबावंसं वाटतं.

कथा १८३९ची. रॉडरिक अशरला असा आजार जडलाय की त्याची सगळी इंद्रियं असह्य तीव्र झाली आहेत. त्याला कुठलाच आवाज सोसत नाही, काही तंतुवाद्यांचे सूर सोडून. तो गिटारवर विलक्षण काहीतरी रचत बसतो. कथेच्या माथ्यावर पोने फ्रेंच कवी बेरांजेच्या ओळी घातल्या आहेत: त्याचं हृदय म्हणजे टांगलेली वीणा, स्पर्श होताच झंकारते. म्हणजे ही कथा मुळातच ऐकण्याबद्दलची आहे. तळघरातून येणारे आवाज रॉडरिकला कित्येक दिवस ऐकू येत असतात, आणि ते काय आहेत हे उच्चारायची त्याची हिंमत होत नाही. एखाद्या साउंड इंजिनिअरने पोची कुठली कथा हाती घ्यावी असं मला विचारलं असतं तर मी हीच सांगितली असती.

‘प्रेल्यूड’ पूर्ण ऑर्केस्ट्राचा. फ्रेंच संगीतकार क्लोद द्यब्यूसीने १९०८ ते १९१७ या काळात याच कथेवर एक ऑपेरा लिहायला घेतला होता, तो अपुराच राहिला. प्रेल्यूड त्याच्याच सुरावटींवर उभा आहे. रॉक अल्बममध्ये सलग सात मिनिटं असं संगीत ठेवणं धाडसाचं होतं. त्यात ठाम सूर क्वचितच लागतो. काहीतरी आकाराला येतंय असं वाटेपर्यंत ते विरघळतं, जसं त्या घराचं तळ्यातलं प्रतिबिंब. ‘अरायव्हल’मध्ये वादळ, पाऊस, आणि त्यातून ऑर्गनसारखा सूर वर येतो. हे पावसाचे आवाज पुढच्या काळात रॉकमध्ये घासून गुळगुळीत झाले; इथे ते अजून चालतात, कारण आधीच्या सात मिनिटांनी कान ताणून ठेवलेले असतात.

‘पव्हान’ हा भाग हेडफोनवर ऐका. इथे छेडलेल्या आणि ठोकलेल्या तारांची वाद्यं एकत्र येतात: सिंबालम, जे संतूरच्या कुळातलं आणि हातोड्यांनी वाजवायचं, फिनलंडचं कांतेले, मँडोलिन, हार्प्सिकॉर्ड. प्रत्येक तारेचा ठोका सुटा, वेगळा ऐकू येतो. रॉडरिकला सोसवतील असे हे सूर. ऐकणाऱ्याला तो भाग नुसता सुंदर वाटतो, कथा आठवली की लक्षात येतं की आपण आता त्या आजारी माणसाच्या कानांनी ऐकतोय. कुठेही ‘अशर’ हे नाव नाही, रॉडरिकची बहीण मेडेलिन नाही, शवपेटी नाही. आणि शेवटी ‘फॉल’, एका मिनिटाच्या आसपास, कथेतलं घर शेवटी तळ्यात कोसळतं तसा ऑर्केस्ट्रा स्वतःवरच कोसळतो आणि संपतं.

यानंतर ‘टू वन इन पॅरडाइज’ आहे. टेरी सिल्व्हेस्टर गोड गातो, गाणंही चांगलं आहे. पण मला ते तिथे नको होतं. घर तळ्यात गेल्यावर लगेच कुणी खांद्यावर हात ठेवून बाहेर न्यावं, हे पोने आपल्या वाचकासाठी कधी केलं नाही.

आता दोन मिक्सचा प्रश्न. १९८७ साली पार्सन्सने अल्बम सीडीसाठी पुन्हा मिक्स केला. ड्रम्सना त्या दशकाचा मोठा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, दिला, काही ठिकाणी गिटारीची भर घातली, आणि अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं निवेदन जोडलं, जे मूळ अल्बमच्या वेळचं असूनही तेव्हा वापरलं गेलं नव्हतं. वेल्स १९८५ साली वारला, त्यामुळे त्याला ते या रूपात ऐकायला मिळालं नाही.

रिव्हर्बबद्दल माझं मत ठाम आहे: त्याने नुकसान केलं. १९७६च्या मिक्समध्ये ड्रम्स कोरडे आणि जवळचे आहेत. बंद खोलीत कुणीतरी तुमच्यापासून दोन हातांवर वाजवतंय असे. पोच्या या कथा बंद जागांच्या आहेत, तळघर, शयनगृह, फरशीखालची पोकळी. रिव्हर्ब लावताच भिंती मागे सरकतात आणि आपण मोठ्या हॉलमध्ये येतो. ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये हे सर्वाधिक जाणवतं, नव्या मिक्समध्ये गाणं जास्त दणदणीत आहे आणि खुनी आपल्यापासून लांब उभा आहे.

वेल्सचं निवेदन मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. सुरुवातीचा उतारा पोच्या ‘मार्जिनॅलिया’ या टिपणांमधला आहे. पो म्हणतो की शब्दांत मांडता आला नाही असा विचार मला कधी सुचला नाही. मात्र काही अतिशय नाजूक कल्पना अशा असतात की त्या विचार नसतातच, आणि त्यांना भाषेत बसवणं मला अजून जमलेलं नाही. हे वेल्सच्या त्या खोल, सावकाश आवाजात ऐकून मग वाद्यं सुरू होतात, आणि या अल्बमचं प्रयोजनच जणू खुद्द पोने सांगितल्यासारखं होतं. या एका जागेसाठी मी दुसरी सीडी ठेवीन. ‘प्रेल्यूड’वरचा दुसरा उतारा १८३१च्या लेखनावर आधारलेला आहे, संगीत आणि कवितेच्या नात्याबद्दलचा. तो मजकूरही सुंदर आहे, पण तिथे मला बोलणं नको वाटतं. द्यब्यूसीच्या सुरावटींना जो रिकामेपणा लागतो तो कुणीतरी बोलायला लागलं की भरून जातो.

जादा ट्रॅक्समध्ये ‘द रेव्हन’चा सुरुवातीचा डेमो आहे आणि ‘एडगर’ हे अल्बममध्ये न आलेलं गाणं डेमोच्या रूपात आहे. डेमो ऐकताना कळतं की वुल्फसनची चाल तेव्हाच पक्की होती, पण भीती अजून आलेली नव्हती. ती व्होकोडर, कोरस आणि त्या बेसच्या सांध्याबरोबर आली. रेकॉर्डिंग शिकणाऱ्या कुणीही हा डेमो आणि पूर्ण गाणं पाठोपाठ ऐकावं. वेल्सचा संवाद संगीताशिवायही दिलाय, तो एकदा ऐकायला छान. बाकीचे प्रयोगाचे तुकडे आणि मुलाखत पार्सन्सच्या चाहत्यांसाठी आहेत.

ज्यांना जड रिफ आणि गुरगुरणारा गायक हवा आहे त्यांना हा अल्बम पहिल्यांदा फिका वाटेल. त्यांनी ‘द कॉल ऑफ क्थुलू’च्या ऑर्केस्ट्राबरोबरच्या रूपापासून यावं; १९९९ साली मेटॅलिकाने सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर ती वाजवली आणि त्या सादरीकरणाला पुढे ग्रॅमीही मिळालं. तिथून अशरच्या घरापर्यंतची वाट फार लांबची नाही.

गाण्यांना माझे पाचपैकी साडेचार, मूळ मिक्सला पाच, नव्या मिक्सला तीन. ऐकताना शफल बंद ठेवा. एकामागून एक सलग येतील असेच हे ट्रॅक जोडलेले आहेत, आणि ‘अशर’चे पाच भाग इकडचे तिकडे झाले तर हाती काहीच लागणार नाही. पोची ती कथा वाचलेली नसेल तर आधी वाचून घ्या, ‘पव्हान’ लागायच्या आत.